बापाने जामीनदार किती वेळा व्हायचं?

रामबागेतल्या जुन्या घराच्या, गणेशोत्सवाच्या आठवणी मी नेहमी लिहितो. आज घरातली गोष्ट लिहितोय, मुलाला विचारूनच. त्याने मजकूर वाचला, दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या.

आमच्या मुलाला बायपोलर डिसऑर्डर आहे. आज तो 41 वर्षांचा आहे, निदान झालं तेव्हा 26 चा होता. काही आठवडे अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह, झोप नाही, पैशांची उधळण. आणि मग कित्येक महिने पांघरुणातून बाहेरच येणं नाही.

पहिली आठ वर्षं मी काय केलं? बिलं भरली. क्रेडिट कार्ड, मित्रांची उसनवारी, एकदा तर न सांगता बुक केलेली गाडी. ग्रॅच्युइटीच्या तीन एफडी मुदतीआधी मोडल्या. बँकेत आयुष्यभर लोकांना सांगत आलो, "साहेब, जामीन राहण्याआधी विचार करा." घरी मात्र डोळे मिटून सह्या. सौ. रोज त्याच्या गोळ्या मोजायची, रात्री दाराशी उभी राहून चाहूल घ्यायची. सानंदची नाटकं सुटली, लग्नकार्यं सुटली. लोक म्हणत, काय माया आहे! आता वाटतं, त्यात अर्धी माया होती आणि अर्धी 'लोक काय म्हणतील' ही भीती.

शेवटी डॉक्टरांनी सुनावलं, "आजार त्याच्या हातात नाही. पण आजारपणात झालेल्या कर्जाचं काय करायचं, हे बरा असताना तो ठरवू शकतो. तुम्ही ठरवूच देत नाही."

कर्ज थकल्यावर अटी घालून उपयोग नसतो, त्या मंजुरीपत्रावर आधी लिहाव्या लागतात. हे मला कोणी शिकवायला नको होतं! तो स्थिर असताना आम्ही तिघं फुलस्केप कागद घेऊन बसलो. घर, जेवण, औषध, डॉक्टरांची फी कधीही बंद होणार नाही. कर्ज आम्ही फेडणार नाही. सामान फेकलं, हात उगारला तर आम्ही खोलीबाहेर पडू आणि डॉक्टरांना फोन करू. पुढचं त्याने लिहिलं: आईने गोळ्या मोजायच्या नाहीत, लिथियमच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मी स्वतः दाखवीन, आणि सलग दोन रात्री झोप उडाली तर कार्ड बाबांकडे देईन.

वर्षभरात परीक्षा आली. मोबाईलवरून घेतलेलं 70 हजारांचं कर्ज, आणि वसुलीचे फोन मला. मी म्हटलं, "कर्जदार तो आहे, त्याच्याशी बोला." संध्याकाळी तो ओरडला, "तुम्ही बाप आहात की मॅनेजर?" आणि निघून गेला. देवासला मामेभावाकडे पोचल्याचं रात्री कळलं, पण दोन रात्री आम्हाला झोप नाही. पैसे भरून टाकावे असं दहादा वाटलं. तिसऱ्या दिवशी आला, जेवला, आणि म्हणाला, "बाबा, हप्ते कसे पाडून घ्यायचे ते सांगा." ते मी आनंदाने सांगितलं. अकाउंट्सची कामं करून 14 महिन्यांत त्याने ते कर्ज फेडलं.

एक गोष्ट मात्र या कागदात बसत नाही. 'जगावंसं वाटत नाही' असं मूल म्हणालं, तर नियम, हप्ते, शिस्त सगळं बाजूला. त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 वर चोवीस तास विनामूल्य आहे. उपचारांतही काटकसर नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनोविकारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे; आपली पॉलिसी काढून वाचा.

आणि नातेवाईक सांगतात ना, "लग्न करून द्या, सुधारेल", त्यांना स्पष्ट नाही म्हणा. आजार लपवून लग्न लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलीला न विचारता जामीनदार करणं आहे.

सगळं छान झालं असं नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची झोप पुन्हा उडाली. पण कार्ड त्याने स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

आम्ही दोघं पुन्हा नाटकाला जातो. फोन सायलेंटवर असतो, पण हातात असतो.