नकाशाची कोणती प्रत खरी?

सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत वनहक्काचा दावा करणाऱ्या आदिवासीच्या एकाच शेताची निदान तीन-चार रूपे कागदावर उतरतात. वनहक्क समितीने खुणा धरून आखलेली हद्द, जीपीएस यंत्राने टिपलेले बिंदू, उपग्रहचित्रावर बसवलेली आकृती आणि अखेर जिल्हा समितीपुढे जाणारा नकाशा. यांपैकी एकातून दुसऱ्यात जाताना रेषा कोणी हलवली, केव्हा आणि कोणत्या कारणाने, हे दावेदाराला कोण सांगणार?

ही अडचण तंत्राची म्हणावी तर तसे नाही. शहरातील रचनाकारांच्या कार्यालयांत एकाच आराखड्यावर दहा जण काम करतात. त्यांची संगणकीय आज्ञावली प्रत्येक बदलाची स्वतंत्र आवृत्ती जपते, बदल करणाऱ्याचे नाव व वेळ नोंदवते आणि जुनी आवृत्ती हवी तेव्हा पुढे ठेवते. मजल्याची एक भिंत सरकली तरी तिचा माग लागतो.

महसूल खात्याला तर ही शिस्त संगणकापूर्वीपासून ठाऊक आहे. सातबारावरील हक्काची नोंद बदलायची तर ती आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, चढते. 1966 च्या जमीन महसूल संहितेतील कलम 150 प्रमाणे चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवले जाते, हरकती ऐकल्या जातात आणि मगच नोंद प्रमाणित होते. जुन्या नावाला कंस होतो. ते खोडून नाहीसे केले जात नाही. तलाठी दप्तराविषयी आदिवासींच्या तक्रारी रास्तच आहेत, परंतु तेथे भांडायला निदान फेरफाराचा क्रमांक तरी सापडतो. वनपट्ट्याच्या नकाशासाठी वनहक्क नियमांनी अशी नोंदवही सांगितलेली नाही.

याचा परिणाम पोटावर होतो. 30 अंशांच्या उतारावरील 1 हेक्टर जमीन सपाट नकाशावर सुमारे 87 आर भरते. झाडांच्या दाटीत यंत्राचे बिंदू काही मीटर भरकटतात. आणि कचेरीत बसून कोणी रेषा आत ओढली, तरीही क्षेत्र घटतेच. तिन्ही प्रकारांत कागदावर दिसते ती केवळ घट. 2012 च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेची शिफारस बदलणारा निर्णय सकारण व लेखी असावा, असे बंधन घातले. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास 60 दिवस आहेत. मधली प्रतच हाती नसेल तर दाद मागायची ती कशाविरुद्ध?

13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मग फेटाळणीची कार्यपद्धती तपासण्याचा प्रश्न आला. ती तपासणार कशावरून? नंदुरबार जिल्ह्यातीलच टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणसाला 12 अंकी क्रमांक देणाऱ्या शासनाला त्याच्या शेताच्या नकाशाला आवृत्तीचा क्रमांक देणे जड जाऊ नये.

तेव्हा मागणी नेमकी हवी. नकाशाच्या मूळ धारिकेवर नवी धारिका चढवण्याची मुभा कोणत्याही कार्यालयास असू नये. प्रत्येक दुरुस्तीवर अधिकाऱ्याचे नाव, दिनांक आणि कारण असावे. तिची छापील प्रत वनहक्क समितीच्या दप्तरी राहावी, आणि ग्रामसभेत ती पावरी-भिलीतून समजावून सांगितल्याखेरीज पुढील समितीने तिच्यावर सही करू नये.