ठरलेला वार चुकवू नये

परंड्याच्या किल्ल्याचा इतिहास सांगणारा कोणीही मलिक-ए-मैदान तोफेपाशी क्षणभर थांबतो. १५४९ साली नगर येथे ओतलेली ही प्रचंड तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरला नेण्यात आली आणि तेथील बुरुजावर आजही पाहायला मिळते. १६०० साली नगरचा पाडाव झाल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ याच परंड्यात आणली होती. तीही यथावकाश हलली. मोठ्या वस्तूंनी परंड्यात यावे, काही काळ राहावे आणि निघून जावे, असा जणू या गावाचा इतिहासच आहे. अलीकडच्या पंचवीसेक वर्षांत या वाटेने निघाली आहेत ती अशा तालुक्यांतील बुद्धिमान मुले. बारावी झाली की बार्शी, सोलापूर किंवा लातूर, पदवी झाली की पुणे आणि पुण्यात संगणकाची नोकरी लागली की परतीचा रस्ता दिवाळीपुरता!

मुलांनी बाहेर जाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. जी मुले अद्याप गावात आहेत, ज्यांच्या घरी एखादा जुना संगणक आहे आणि ज्यांना आज्ञावली लिहिण्याचा खरोखर नाद लागला आहे, त्यांनी आपली शंका विचारायची कोणाला?

महाराष्ट्राने संगणक साक्षरतेच्या क्षेत्रात उत्तम काम केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. संगणकाची भीती गेली आणि शासकीय कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांपासून गृहिणींपर्यंत अनेकांची बोटे कळफलकावर फिरू लागली. परंतु साक्षरता म्हणजे साहित्य नव्हे. बाराखडी येणाऱ्या प्रत्येकाला लेख लिहिता येत नाही, तसेच संगणक वापरता येणाऱ्या प्रत्येकाला संगणकाकडून नवे काम करवून घेता येत नाही. वापरणे वर्गात शिकता येते. घडविणे मात्र, सुतारकाम किंवा गायन याप्रमाणेच, जाणत्यांच्या सहवासात येते. दुसऱ्याचे काम पाहावे, आपले दाखवावे, चूक काढून घ्यावी आणि पुन्हा बसावे, हा त्याचा क्रम आहे.

संगणकाच्या इतिहासानेही हेच दाखविले आहे. १९५५ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या ७०४ या संगणकाचे लॉस एंजेलिस परिसरातील ग्राहक एकत्र आले आणि त्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापन केली. यांतील कित्येक कंपन्या विमाननिर्मितीच्या धंद्यात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. तरीही एकच आज्ञावली प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहिण्यात सर्वांचाच तोटा आहे, हे त्यांना उमगले. त्यानंतर वीस वर्षांनी, ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गृहस्थाच्या गॅरेजमध्ये तीसेक संगणकवेडे जमले. हाच पुढे गाजलेला ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. दर पंधरवड्याला भरणाऱ्या या बैठकींत स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा तरुण आपल्या संगणकाचे आराखडे मोकळेपणाने वाटत असे. त्यातून जन्माला आलेल्या ॲपल कंपनीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची पाक्षिक बैठक मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. तेथे ना अनुदान होते, ना इमारत. वार ठरलेला होता आणि माणसे येत होती.

आपल्याकडेही असे घडलेच नाही, असे नव्हे. लिनस टोरवाल्ड्स या फिनिश विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला आणि त्यानंतरच्या दशकात मुंबई, पुण्यासह भारतातील अनेक शहरांत लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे उभी राहिली. पुण्याच्या मंडळातील मंडळींनी आणि सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थ्यांनी मिळून २००३ पासून ‘ग्नूनिफाय’ नावाचा वार्षिक मेळावा भरविला. वर्षानुवर्षे या मेळाव्याचा भार विद्यार्थी उचलीत राहिले. पायथॉन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांची अखिल भारतीय परिषद २००९ साली बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ साली ती पुण्यात भरली. ही सारी कामे पगारी माणसांनी केलेली नाहीत. दिवसाची नोकरी सांभाळून, सुट्टीचा वार देऊन स्वयंसेवकांनी ती केली.

यावर कोणी म्हणेल, पुण्याची गोष्ट निराळी. तेथे कंपन्या आहेत, महाविद्यालये आहेत, वक्ते आहेत. परंड्यासारख्या ठिकाणी हे कसे जमावे? त्याचे उत्तर पश्चिम बंगालमधील दुर्गापूरने दिले आहे. दुर्गापूर ओळखले जाते ते पोलादाच्या कारखान्यासाठी. तेथे २००४ साली कुशल दास या तरुणाने लिनक्स वापरणाऱ्यांचे मंडळ सुरू केले. २००८ पासून या मंडळाने उन्हाळी प्रशिक्षण आरंभिले आणि तेही विनाशुल्क. ना चित्रफीत, ना आवाज. केवळ अक्षरांनी चालणाऱ्या साध्या संवादमाध्यमातून देशभरातील विद्यार्थी एका ठरलेल्या वेळी एकत्र येत. अत्यंत मंद इंटरनेट असलेल्या खेड्यातील मुलालाही त्यात भाग घेता येई. वर्ग सुरू होताना हजेरी होई, संपताना पुन्हा हजेरी होई. प्रश्न असेल तर उद्गारचिन्ह टंकित करायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. प्रश्न नेमका कसा विचारावा, येथूनच शिक्षणाला सुरुवात होत असे. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या नियमांत मोठा अर्थ आहे. साधने तुटपुंजी असली तरी शिस्त तुटपुंजी असण्याचे कारण नाही, हाच तो अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. सारे ज्ञान इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर यंत्रच आज्ञावली लिहून देते. मग बैठकीला कशाला जायचे? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण उत्तर मिळणे आणि समजणे यांत अंतर आहे. यंत्राने लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की केवळ बरोबर भासते आहे, हे पारखायला जाणती नजर लागते. ती नजर एकट्याने बसून क्वचितच येते. चार जणांसमोर आपली आज्ञावली ओळीओळीने समजावून सांगताना जेथे जीभ अडखळते, तेथेच आपले अज्ञान असते. यंत्र हा अडखळण्याचा क्षण येऊच देत नाही. ते तत्परतेने पुढचे उत्तर देते आणि विद्यार्थ्याला आपण शिकलो असे वाटू लागते. म्हणून यंत्रे हुशार होत असताना माणसांच्या बैठकीची गरज कमी झालेली नाही, वाढली आहे.

शिवाय काही प्रश्न असे आहेत, जे बाहेरचे कोणी आपल्यासाठी सोडविणार नाही. मराठीचाच विचार करावा. जगभरच्या लिपींना संगणकावर स्थान देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तीत देवनागरी होती, पण मराठीला नित्य लागणारा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून नव्हता. तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. सतरा वर्षे! ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील फरक, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदीहून निराळी रूपे, या गोष्टी ज्याच्या डोळ्याला खुपतात तोच त्या दुरुस्त करण्याचा हट्ट धरील. शुद्धलेखन तपासनीस, बोलीतील शब्दांचे संग्रह, जुन्या मराठी ग्रंथांचे संगणकीय रूपांतर अशी कितीतरी कामे आपली वाट पाहत आहेत. त्यांसाठी भांडवल लागत नाही. भाषा जाणणारे आणि आज्ञावली लिहिणारे लोक एका खोलीत बसावे लागतात आणि असे लोक तालुक्याच्या गावी अधिक सहज एकत्र येऊ शकतात. तेथे मराठीचे शिक्षक आणि संगणक शिकणारा विद्यार्थी बहुधा एकाच आळीत राहतात!

परंडा तालुक्याला तर या कामाची थोर परंपराच आहे. सीना नदीकाठच्या डोमगाव येथे समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावने जपली आणि अभ्यासकांनी ती प्रमाण मानली. मुद्रणयंत्राचा आधार नसताना अचूक नक्कल करणे, ती मठामठांतून पोहोचविणे आणि मूळ पाठ शुद्ध राखणे, या शिस्तीवर एक ग्रंथ पिढ्यान्पिढ्या टिकला. आजच्या मुक्तस्रोत चळवळीचे मर्म यापेक्षा फार वेगळे नाही. मूळ संहिता सर्वांना खुली असावी, कोणीही तिची प्रत करावी, चूक आढळल्यास ती सर्वांच्या देखत सुधारावी. ज्या मातीत हे व्रत चालविले गेले, तेथील तरुणाला ही चळवळ परकी वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रत्यक्षात करायचे काय? संघटनेचे काम केलेल्यांना यातील बरेचसे अनुभवाने ठाऊक असते. पहिली गोष्ट म्हणजे वार आणि वेळ. महिन्याचा दुसरा रविवार ठरला, की तो दुसरा रविवारच. पाऊस असो, लग्नसराई असो, तिघेच आलेले असोत, बैठक व्हायलाच हवी. एकदा पुढे ढकललेली बैठक दुसऱ्यांदा सहज ढकलली जाते आणि तिसऱ्यांदा कोणी विचारीतही नाही. जागा साधी चालेल. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, कोणाच्या घरची ओसरी. मात्र ती मुलींना निःशंकपणे येता येईल अशी असावी आणि वेळ दिवसाची असावी. खेड्यांतून येणाऱ्यांची परतीची एसटी चुकू नये, याचाही विचार आधीच व्हावा. या एका नियमाने उपस्थिती दुप्पट होऊ शकते आणि तो न पाळल्यास निम्मी गुणवत्ता दाराबाहेरच राहते.

दुसरी गोष्ट कार्यक्रमाची. दोन तासांच्या बैठकीत पहिला अर्धा तास नवख्यांच्या शंकांना द्यावा. त्यानंतर आपल्यापैकीच एकाने पाऊण तास बोलावे. पुण्याहून वक्ता येईपर्यंत थांबू नये. गेल्या महिन्यात जे शिकलो ते सांगणारा अकरावीचा विद्यार्थीही वक्ताच असतो आणि व्याख्यान तयार करताना सर्वाधिक तोच शिकतो. उरलेल्या वेळात एखादे हाती घेतलेले काम पुढे न्यावे. गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची, शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, दूधसंकलनाचा हिशेब, ज्याचा उपयोग गावाला दिसेल असे काहीही. सत्कार, हारतुरे, दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुणे यांना या बैठकीत स्थान नसावे. सभेचे अध्यक्ष खुर्चीत बसले की शंका विचारणारा मुलगा मागच्या बाकावर जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. अशी मंडळे बहुधा पैशाअभावी बंद पडत नाहीत, एका माणसाच्या बदलीने बंद पडतात. उत्साही तरुण मंडळ चालवितो, त्याला पुण्यात नोकरी लागते आणि मंडळाला कुलूप लागते. म्हणून पहिल्याच वर्षी दुसरी फळी उभी करायला हवी. प्रत्येक बैठकीचे संचालन वेगळ्याने करावे आणि झालेल्या कामाची नोंद वहीत ठेवावी, म्हणजे नव्या माणसाला शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही. खासगी शिकवण्या किंवा नोकरभरती यांचे ते दुकान होऊ देऊ नये. नोकरी लागली तर उत्तमच. परंतु ज्या दिवशी लोक केवळ नोकरीसाठी येऊ लागतील, त्या दिवशी नोकरी लागलेले येणे थांबवतील आणि शिकविणारे कोणी उरणार नाही.

येथेच बाहेर गेलेल्यांचे कर्तव्य सुरू होते. परंड्याचा जो तरुण आज पुण्यात वा परदेशात मोठ्या पदावर आहे, त्याच्याकडून गावाला देणगीची अपेक्षा असते. मंदिराचा जीर्णोद्धार आणि शाळेची कमान यांसाठी तो ती देतोही. त्याने दिवाळीच्या सुट्टीतील दोन तास द्यावेत, ही देणगी त्याहून मोठी ठरेल. दर महिन्याला एका मुलाची आज्ञावली दुरून तपासून द्यावी, ही तर त्याहून मोठी. घरच्या वडीलधाऱ्यांनीही संगणकापुढे बसलेले मूल वेळ घालवीत आहे असे मानण्याआधी, ते काय घडवीत आहे हे एकदा विचारावे आणि बैठकीला जाण्याची परवानगी आनंदाने द्यावी.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीड शतकानंतरही ती चालू आहे. तिचे बळ वक्त्यांच्या विद्वत्तेत आहेच, पण त्याहून अधिक ते वसंत आला की व्याख्याने होणारच या विश्वासात आहे. समाज घडतो तो अशा न चुकणाऱ्या नेमांनी. तालुक्याच्या गावी पाच मुले, एक संगणक आणि एक ठरलेला रविवार एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. येता रविवार मोकळा असेल, तर तोच पहिला समजावा.