हमी दिली की हमी विकली?

माकुणसारसारख्या गावात मोटारगाडी ही आता नवलाई राहिलेली नाही. सफाळे-केळवे पट्ट्यातील पाड्या-आळ्यांतून फिरले तर ताडपत्री पांघरलेली एखादी जुनी अल्टो, वॅगनआर नाही तर सँट्रो अंगणात उभी दिसतेच. कोणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, कोणी वाडीतला माल बाजारात नेतो, कोणी शाळेत शिकवतो. नवी गाडी परवडत नाही म्हणून या माणसांनी जुनी घेतलेली असते. कष्टकऱ्याच्या दारात चार चाके दिसली की तिला चैन म्हणून नाक मुरडणारे महाभाग आपल्या समाजात कमी नाहीत. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. १६ एप्रिल २०१३ पासून विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली हे खरे, परंतु शेवटची लोकल निघून गेल्यावर अडलेली बाळंतीण पालघरला न्यायची कशात? तेव्हा गाडी घेणे योग्य की अयोग्य हा वाद आम्ही घालणार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते गाडी घेताना शेवटच्या दहा मिनिटांत जे घडते त्याविषयी.

गाडी पसंत पडलेली असते. भाव ठरलेला असतो. बयाणा दिलेला असतो. घरी पेढ्यांची तयारी झालेली असते. नेमक्या त्याच वेळी विक्रेता एक रंगीत कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘‘जुनी गाडी आहे साहेब, काही सांगता येत नाही. एवढे जास्तीचे भरा आणि वर्षभर निर्धास्त राहा.’’ या कागदाला एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे वाढीव हमी म्हणतात. तो घ्यावा की घेऊ नये?

वाचकहो, जरा त्या वाक्याकडे नीट पाहा. पाच मिनिटांपूर्वी हाच गृहस्थ ‘‘गाडी एकदम मक्खन, बघायचं कामच नाही’’ असे सांगत होता. आता तोच ‘‘काही सांगता येत नाही’’ म्हणतो. गाडी मक्खन असेल तर वाढीव हमीची गरज काय? आणि गरज असेल तर गाडी मक्खन कशी? ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून आली की गिऱ्हाइकाने खिशावर हात ठेवावा, हा साधा व्यवहार आहे.

आमचे म्हणणे असे की, हमी देणे आणि हमी विकणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता जेव्हा ठरलेल्या किमतीतच ‘‘सहा महिन्यांत इंजिन बिघडले तर खर्च माझा’’ असे लिहून देतो, तेव्हा तो स्वतःचा पैसा पणाला लावतो. गाडी वाईट निघाली तर त्याला भुर्दंड बसतो, म्हणून तो आधीच गाडी तपासून घेतो. ही दिलेली हमी होय. परंतु तोच विक्रेता जेव्हा हमीची वेगळी किंमत लावतो, तेव्हा तो गाडीची जबाबदारी घेत नाही. तो दुसरा माल विकतो. त्यावर त्याला कमिशन मिळते आणि बिघाडाचा खर्च पुष्कळदा तिसरीच कंपनी सोसते, तीही तिच्या अटी पुऱ्या झाल्या तर!

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. जुन्या गाडीचा खरा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, आणि या अज्ञानामुळे चांगल्या गाड्या बाजारातून हटतात व वाईट गाड्या उरतात, असे त्याने दाखवून दिले. याच प्रकारच्या अभ्यासाबद्दल २००१ मध्ये त्याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत वाईट निघालेल्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. आपल्याकडे त्याच गाडीच्या बोनेटला लिंबू-मिरची बांधतात! लिंबू-मिरचीने गिअर बॉक्स सुधारत नाही, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण न वाचता विकत घेतलेला हमीचा कागद ही शिकलेल्या माणसाची लिंबू-मिरची आहे, हे मात्र सांगावे लागते. दोन्हींच्या मागे भीती तीच आणि दोन्हींचा धंदा त्याच भीतीवर चालतो.

आता हिशेब करू. समजा गाडी ३ लाखांची आहे आणि वर्षभराच्या वाढीव हमीचे १२,००० रुपये सांगितले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४,१६० रुपये झाले. समजा इंजिन किंवा गिअर बॉक्सचे मोठे काम निघाले तर ५०,००० रुपये खर्च येतो. मग हा सौदा फायद्याचा केव्हा? शंभरातल्या २८ हून अधिक गाड्यांचे तसे मोठे काम त्याच वर्षात निघणार असेल तेव्हा. आता विचार करा. गाडी इतकी धोक्याची वाटत असेल तर शहाण्या माणसाने हमी घ्यायची की ती गाडीच सोडून द्यायची? आणि धोका त्याहून कमी असेल तर जास्तीचा पैसा कोणाच्या खिशात जातो?

याहून वाईट प्रकार कर्जाचा आहे. ‘‘रोख देऊ नका, लोनमध्ये टाकू’’ असे सांगितले जाते आणि गरजू माणूस मान डोलावतो. हेच १४,१६० रुपये १४ टक्के व्याजाने चार वर्षांच्या कर्जात घातले तर महिन्याला सुमारे ३८७ रुपयांप्रमाणे एकूण साडेअठरा हजारांच्या वर जातात. हमी एका वर्षात संपते. हप्ता मात्र पुढची तीन वर्षे चालूच राहतो! मेलेल्या म्हशीचे दूध नाही, पण चारा रोज घालायचा, असा हा व्यवहार आहे.

आता कागदाच्या मागच्या बारीक अक्षरांकडे वळू. हमीत काय मिळते हे पुढच्या पानावर मोठ्या टायपात असते, काय मिळत नाही हे मागे बारीक टायपात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, रबरी नळ्या, सस्पेन्शनचे बुश हे सारे झिजणारे भाग म्हणून बहुधा वगळलेले असतात. गंज वगळलेला असतो. पुराचे पाणी वगळलेले असते. हमी घेण्यापूर्वीचा दोष वगळलेला असतो, आणि तो पूर्वीचा की नंतरचा हे ठरवणार कोण? तर हमी देणारी कंपनी!

माकुणसारच्या गाडीला होते काय? इथे खारा वारा आहे. पत्रा खालून सडतो, सायलेन्सर कुजतो, वायरिंगच्या जोडांना हिरवट गंज धरतो. चार महिने धो-धो पाऊस आणि खड्डे, त्यामुळे शॉकअप आणि बुश जातात. रेल्वे फाटकावर आणि बाजारात सतत थांबत-चालत गेल्याने क्लच झिजतो. म्हणजे इथे जे बिघडते ते कागदावर वगळलेले आणि कागदावर जे भरून मिळते ते क्वचित बिघडणारे! किनाऱ्यावरच्या माणसाने ही यादी आपल्या मेकॅनिकला वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये.

दुसरी अट वर्कशॉपची. सर्व्हिसिंग ठरावीक किलोमीटरला, ठरलेल्या वर्कशॉपमध्येच केले पाहिजे, एक जरी चुकले तरी हमी रद्द, असे कलम पुष्कळ कागदांत असते. ते वर्कशॉप पालघर-बोईसरला आहे की वसई-विरारला, हे आधी विचारा. प्रत्येक सर्व्हिसिंगला एक दिवसाची मजुरी बुडणार असेल तर तो खर्चही हमीच्या किमतीत धरला पाहिजे. बंद पडलेली गाडी तिथवर ओढून नेण्याचे भाडे कोणाकडे, हेही लिहून घ्या.

हा प्रकार फक्त आपल्याच देशात चालतो असे नाही. अमेरिकेत कारशील्ड ही गाड्यांच्या दुरुस्तीचे असले करार विकणारी नामांकित कंपनी. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून तिने तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी जुलै २०२४ मध्ये समझोता केला आणि १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. जिथे कायदा जागा आहे आणि ग्राहक तक्रार करतो तिथे ही स्थिती, मग आपण किती सावध असावे?

म्हणून वाढीव हमी कधीच घेऊ नये असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. सरसकट नकार हाही आंधळेपणाच. काही प्रसंगी ती घ्यावी. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची हमी असेल आणि ती नव्या मालकाच्या नावावर होत असेल तर तिचे मोल आहे. पहिल्या मालकाने नवी गाडी घेताना ती घेतली असेल आणि मुदत शिल्लक असेल तर थोड्या शुल्कात ती तुमच्या नावावर होऊ शकते, ते आधी तपासा. गाडी ऑटोमॅटिक गिअरची किंवा महागड्या इलेक्ट्रॉनिक भागांची असेल, वर्कशॉप जवळ असेल, आणि एका मोठ्या बिलाने घराचे कंबरडे मोडणार असेल, तर हिशेब करून, रोखीने, कागद आदल्या दिवशी घरी आणून वाचून मग घ्यावी. ‘‘ऑफर आजच्यापुरती आहे’’ असे जो म्हणतो त्याला उद्या या म्हणून सांगावे. चांगला माल एका रात्रीत नासत नाही.

इतरांनी काय करावे? त्या १४,००० रुपयांचे दोन भाग करावेत. एक-दोन हजार रुपये स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिकला द्यावेत आणि बयाण्यापूर्वी गाडी उचलून खालून तपासून घ्यावी. मुंबई-ठाण्याकडून आलेली एमएच-०२, एमएच-०४ क्रमांकाची गाडी असेल तर ती पुरात बुडालेली नाही ना, हे पाहावे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत आणि जुलै २०१८ मध्ये वसई-विरार-नालासोपाऱ्यात किती पाणी भरले ते आपण विसरलेलो नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे का बघावा, सीटखालचे रूळ आणि कार्पेटखालचा पत्रा बघावा. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदींवर विश्वास ठेवावा. उरलेले बारा हजार बँकेत ‘गाडी’ म्हणून वेगळे ठेवावेत. गाडी बिघडली तर ते कामी येतात, नाही बिघडली तर व्याजासह आपलेच राहतात. या हमीला बारीक टाइप नाही!

आणि कायद्याने जे फुकट दिले आहे ते आधी वापरावे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ सांगते की, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. आपण स्वतः तपासणी केली असेल तर त्या तपासणीत दिसण्याजोगा दोष मात्र त्यातून सुटतो. म्हणून तपासणी करायची तर जाणकाराकडूनच करावी. ‘जशी आहे, जेथे आहे’ असे वाक्य पावतीवर असेल तर सही करण्यापूर्वी दोनदा विचार करा, कारण करार करून हा हक्क सोडता येतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५ लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. पण या सगळ्याला पुरावा लागतो. म्हणून ‘‘अपघात नाही, पाण्यात बुडालेली नाही, इंजिन उघडलेले नाही’’ ही तीन वाक्ये विक्रेत्याच्या सही-शिक्क्यानिशी पावतीवर लिहून घ्यावीत. जो लिहून द्यायला तयार नाही त्याचा रंगीत कागद काय कामाचा?

गाडी नावावर करून घेण्यात ढिलाई करू नये. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. त्रयस्थाची भरपाई देणारा विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, वाढीव हमी सक्तीची नाही. ‘‘ती घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही’’ असे कोणी म्हणाल्यास ते लेखी मागा.

सरकारकडेही आमचे एक मागणे आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. चांगले झाले. पण गाडीच्या दोषांची जबाबदारी कोणाची, हे तिथे अजून मोकळेच आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दुकानदाराकडून घेतलेली जुनी गाडीही सदोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते. आणि सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. तशी तरतूद इथे का नको? इथे विक्रेता दोषाची जबाबदारी झटकतो आणि तीच जबाबदारी बारा हजारांना विकायला काढतो. ज्याला दोष ठाऊक आहे त्याच्यावरच ओझे टाकणे, यालाच न्याय म्हणतात.

तोवर आपले रक्षण आपल्यालाच करायचे आहे. पुढच्या वेळी तो रंगीत कागद समोर आला की घाबरू नका आणि भारावूनही जाऊ नका. शांतपणे एवढेच विचारा, ‘‘ही हमी तुम्ही देता आहात, की विकता आहात?’’