ताटाची साक्ष कितपत ग्राह्य?

मधुमेहाच्या किंवा स्थूलतेच्या रुग्णाला आहारतज्ज्ञाकडे पाठविले जाते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : काल दिवसभरात काय काय खाल्ले? उत्तरही बहुधा ठरलेले असते. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, थोडा भात, आमटी. चहाचे विचारले तर दोनदा, क्वचित तीनदा. या उत्तरावर हिशेब मांडला जातो, हिशेबावर पथ्य बेतले जाते. आणि तीन महिन्यांनी रक्तातील साखर होती तिथेच आढळली, की रुग्णाने पथ्य मोडले असा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. अलीकडे या प्रश्नोत्तराऐवजी ताटाचे छायाचित्र मोबाइलवर काढून आहारतज्ज्ञाला पाठविण्याची रीत रूढ होऊ लागली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे दाखविले. अशा देशात या रीतीकडे निव्वळ हौस म्हणून पाहता येणार नाही.

तोंडी उत्तरावर विसंबता येत नाही, याचा पुरावा जुना आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड समस्थानिके मिसळलेले पाणी पाजून शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे मोजण्याची पद्धत अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफ्सन यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांसाठी विकसित केली. १९८२ पासून ती माणसांसाठी वापरात आली. खर्च कळला आणि वजनातील फरक ठाऊक असला, की माणसाने किती खाल्ले हे त्याला न विचारता काढता येते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांची या पद्धतीने तपासणी केली. त्यांच्या चयापचयात दोष नव्हता. त्यांनी लिहून दिलेला आहार मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी भरला, आणि केलेले श्रम ५१ टक्क्यांनी अधिक सांगितलेले होते. ही माणसे लबाड होती असे मानण्याचे कारण नाही. येता-जाता तोंडात टाकलेला घास स्मरणात राहत नाही, आणि जो राहतो तोही सांगताना लहान होतो.

छायाचित्राची बाजू येथे बळकट ठरते. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथील पेनिंग्टन संशोधन केंद्राने जेवणापूर्वीचे एक आणि जेवणानंतरचे एक, अशी दोन छायाचित्रे मागविण्याची पद्धत बसविली. वाढलेले आणि टाकलेले यांतील फरक प्रशिक्षित माणसे प्रमाणित चित्रांशी ताडून ठरवितात. त्याच समस्थानिकांच्या कसोटीवर या पद्धतीत आढळलेली सरासरी तूट २०१२ च्या अहवालानुसार चार टक्क्यांच्या आत होती. हे यश लहान नाही. परंतु ते सरासरीचे यश आहे. एकेका व्यक्तीच्या बाबतीत चूक दिवसाला कित्येकशे उष्मांकांची असू शकत होती. शिवाय त्या मंडळींना छायाचित्र काढण्याची आठवण मोबाइलवर वेळोवेळी करून दिली जात होती. आहारतज्ज्ञासमोर बसलेला रुग्ण म्हणजे सरासरी नव्हे, आणि त्याला आठवण करून देणारे बहुधा कोणी नसते.

खरी अडचण पुढेच आहे. पाश्चात्त्य ताटात पावाचे तुकडे मोजता येतात आणि मांसाच्या कापाचा आकार दिसतो. आपल्या ताटाचा प्रकार निराळा. फोडणीत पडलेले तेल छायाचित्रात उतरत नाही. वाटीच्या कडेला चकाकणारा तवंग फार तर त्याची सूचना देतो. आमटी दाट की पाणीदार, हे वाटीकडे वरून पाहून कळत नाही. भाकरी थापणाऱ्या हाताप्रमाणे तिची जाडी बदलते. चहाच्या कपात साखर एक चमचा की दोन, हे कोणता कॅमेरा सांगणार? पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर, अर्थात दोनशे उष्मांक; आणि छायाचित्रात दिसतो तो केवळ तपकिरी रंग. त्यातून आपल्याकडे ताट एकदाच भरत नाही. वाढप चालू राहते, आग्रह होतो, नको नको म्हणताना अर्धी पोळी येऊन पडते. पहिल्या वाढीचे छायाचित्र हे त्या जेवणाचे प्रास्ताविकच म्हटले पाहिजे.

आता बंद झालेल्या राष्ट्रीय पोषण देखरेख ब्युरोचे (स्थापना १९७२) कार्यकर्ते या दृष्टीने अधिक शहाणे होते. ते ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच घेऊन घरोघर जात आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारीत. कोरडा शिधा किती काढला, शिजून किती झाला, त्यातला कोणाच्या वाट्याला किती आला, असा तो हिशेब असे. त्यांची चौकशी पातेल्यापासून सुरू होई. कॅमेरा ताटापाशीच थांबतो. तेलाबद्दल रुग्णाला चमचे विचारण्यापेक्षा डबा विचारावा. पाच लिटरचा डबा चार माणसांच्या घरात महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे उष्मांक. हा एक प्रश्न तीस छायाचित्रांचे काम करतो.

छायाचित्रावरून उष्मांकांचा आकडा तत्क्षणी सांगणाऱ्या संगणकीय यंत्रणांचे तर विशेष कौतुक चालले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यघटक कोष्टकांत ५२८ पदार्थांचे विश्लेषण आहे, पण ते प्रामुख्याने कच्च्या जिनसांचे. त्यांची भाजी किंवा आमटी होताना काय काय पडले, हे घराघरावर अवलंबून. तेव्हा एकेरी अंकापर्यंत अचूक वाटणारा आकडा हा अंदाजाला चढविलेला नीटनेटका पोशाख असतो.

याहून गंभीर प्रश्न आहे तो स्वयंपाकघरातील स्त्रीचा. नवऱ्याच्या ताटाचे छायाचित्र तीच काढते, पथ्याचे जेवण वेगळे तीच रांधते. ती स्वतः रुग्ण असेल तर? सर्वांमागून, अनेकदा उभ्यानेच, कढईतल्या उरल्यासुरल्यावर भागविणाऱ्या बाईला ताटच नसते, मग छायाचित्र कशाचे काढणार? मुलांनी टाकलेला भात वाया जाऊ नये म्हणून खाल्लेले घास ती जेवणात धरीतच नाही. तिच्या नोंदीतील रिकाम्या जागा आळशीपणाच्या समजल्या गेल्या, तर तिच्यावर दुहेरी अन्याय होईल. ज्या घरात महिनाअखेरीस भाकरी आणि चटणीच उरते, तेथील माणसालाही परक्याला ताट दाखविण्याची लाज वाटणारच.

छायाचित्र काढायचे म्हटले की लोक काकडीच्या चार फोडी वाढून घेतात, आणि हाच मोठा फायदा आहे, असे काहीजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु ही सावधगिरी फार दिवस टिकत नाही. वडापावचे छायाचित्र येत नाही आणि यथावकाश कशाचेच येईनासे होते. ते का थांबले, हे आहारतज्ज्ञाच्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असते. 'हे खायचे नव्हते' अशा उत्तराने नोंदवही मिटते. 'दुपारचे जेवण किती वाजता झाले होते?' असे विचारले, तर संध्याकाळी पाचच्या वडापावचा उलगडा कदाचित त्यातून होतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असा प्रश्न विचारण्याइतकी उसंत आहारतज्ज्ञाला मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. जेथे ती देण्याची तयारी नाही, तेथे रुग्णांकडून छायाचित्रांचे ढीग मागवू नयेत. महिनाभराच्या ढिगापेक्षा चार दिवसांची नोंद बरी; मात्र त्यांत एक सुटीचा आणि एक उपासाचा दिवस असावा. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू यांनी साजरा होणारा उपास मधुमेह्याच्या नोंदवहीतून सुटता कामा नये.

शेवटची बाब छायाचित्रांच्या मालकीची. त्यांत केवळ अन्न नसते. मागची भिंत असते, घरातली माणसे असतात, आणि ताटात काय शिजते हेही असते. मांसाहार करणाऱ्याला भाड्याने जागा नाकारणारी माणसे ज्या शहरांत आहेत, तेथे ही माहिती किरकोळ नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला असून त्याचा पाया संमतीचा आहे. ही छायाचित्रे कोणाच्या मोबाइलमध्ये राहणार, विमा कंपनीच्या हाती ती पडणार नाहीत याची हमी कोण देणार आणि ती कधी पुसली जाणार, हे रुग्णाला पहिले ताट दाखविण्यापूर्वी, त्याच्या भाषेत आणि लेखी सांगितले गेले पाहिजे.