मिठाच्या खड्याचा हिशेब

मिठाचा खडा प्रत्येक स्वयंपाकघरांत असतो. पण तो एकसंध कां राहतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मिठांत सोडियमचे धनभारित व क्लोरीनचे ऋणभारित कण बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणें आळीपाळीनें मांडलेले असतात. विजातीय कण एकमेकांस ओढतात, सजातीय दूर लोटतात. ह्या प्रेरणेचा नियम कूलोम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८५ सालीं प्रसिद्ध केला: अंतर दुप्पट झालें कीं प्रेरणा चतुर्थांश होते. जोडीची ऊर्जा मात्र निम्मीच होते, आणि खरी अडचण येथेंच आहे.

गणकयंत्रावर असा खडा उभा करावयाचा तर प्रत्येक कणाचा इतर सर्वांशीं हिशेब मांडला पाहिजे. लगतच्या जोडीची आकर्षण-ऊर्जा १ धरूं. एका सोडियम-कणास लागून सहा क्लोरीन-कण, म्हणजे ६ जमा. त्यापलीकडील बारा सोडियम-कण ८.४९ वजा करतात. बाकी उणे २.४९. पुढील आठ क्लोरीन मिळवितांच २.१३, आणि त्यानंतरचे सहा सोडियम धरतांच पुन्हां उणे ०.८७! गोल कितीहि वाढवीत नेला तरी बेरीज झोंके घेतच राहते, कारण गोलानें कापलेल्या तुकड्यांत धन व ऋण भार समसमान नसतात. योग्य रीतीनें मांडल्यास उत्तर १.७४७६ येतें. म्हणजे तेवढ्याच अंतरावरील एकट्या जोडीपेक्षां स्फटिकांतील जोडीची ऊर्जा सुमारें पावणेदोन पट. एकत्र कुटुंबांत नांदणारांस ह्याचें नवल वाटूं नये.

ही योग्य रीत एवाल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९२१ सालीं दिली. प्रत्येक कणाभोंवतीं तितक्याच विरुद्ध भाराचें विरळ अभ्र कल्पावयाचें, म्हणजे दूरवरचा प्रभाव लवकर मावळतो. मग त्या कल्पित अभ्रांचा परिणाम लाटांच्या गणितानें निराळा काढून हिशेबांतून वजा करावयाचा. उसनें घेऊन फेडण्यापैकींच हा प्रकार.

ही केवळ गणिती हौस नव्हे. पेशींतील डीएनएचा रेणुहि विद्युद्भारित असतो. यंत्राचा वेळ वांचावा म्हणून दूरच्या प्रेरणा ठराविक अंतरापलीकडे छाटून टाकण्याची वहिवाट होती, आणि अशा गणितांत डीएनएचा दुहेरी पीळ विस्कटूं लागे. १९९३ सालीं एवाल्डची रीत जलद करण्याची युक्ति निघाली; १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत तिच्या साह्यानें तोच पीळ यंत्रावर स्थिर राहिला.