घाईतलं गाणं

आसनगाव स्टेशनावरून शहापूरला येणारी रिक्षा असो की कल्याणहून मुरबाडला जाणारी एसटी, शेजारच्या मोबाइलमधून हल्ली एक बारीक, चिरका आवाज कानावर पडतो. चाल ओळखीची वाटते, गाणारा मात्र ओळखू येत नाही. जरा कान दिला की कळतं, हे तर कॅसेटच्या काळातलं गाणं, फक्त पळवलेलं! मुलं त्याला ‘स्पीड-अप’ म्हणतात.

गाणी ऐकावीत की नाहीत, याबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. तो विषय आज नाही. पण ज्या घरात ती वाजतात, तिथे मुलांच्या कानावर काय पडतं हे आपण पाहायला हवं.

गाणं सव्वापट वेगाने वाजवलं की चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांत संपतं. त्याबरोबर सूरही चढतो. षड्ज थेट शुद्ध गंधारावर जातो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारमध्ये ऐकू येतं आणि भारदस्त पुरुषाचा आवाज पोरासोरांचा वाटतो. पूर्वी ३३ची रेकॉर्ड चुकून ४५वर लागली की असंच व्हायचं आणि घरात हशा पिकायचा. आता त्याचीच रीत झाली आहे.

याला कारण आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. तेव्हा एका रीलला १५ सेकंदच मिळत. तेवढ्यात मुखडा बसवायचा तर तो पळवणं सोयीचं. पुढे जगातल्या मोठ्या कंपन्याही स्वतःच अशी गाणी काढू लागल्या.

यात जातं काय? १९९६ साली ‘सुनो’ अल्बममध्ये आलेलं लकी अली यांचं ‘ओ सनम’ घ्या. अभिनेते मेहमूद यांचे हे चिरंजीव. त्यांच्या किंचित थकल्यासारख्या, सावकाश आवाजातच त्या गाण्याची जान आहे. ते पळवलं की दोन ओळींमधला श्वास जातो, शब्दांचं दुखणं जातं. ते शब्द सय्यद अस्लम नूर यांचे, हे तर रीलवर कुठेच दिसत नाही. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत वाटा मिळावा म्हणून जावेद अख्तर राज्यसभेत बोलले, २०१२ साली कायदा बदलला. पण ज्या तुकड्यावर कुणाचं नावच नाही, त्याचा वाटा कुणाला पोहोचणार?

खरी काळजी पुढची आहे. घाईची सवय गाण्यापाशी थांबत नाही. आखातात राबणाऱ्या अब्बांचा व्हॉइस मेसेज येतो, तोही दुप्पट वेगाने ऐकला जातो. निरोप कळतो. अब्बा खोकत होते, बोलता बोलता मध्येच गप्प झाले, हे निसटून जातं.

म्हणून मुलांवर ओरडू नये, मोबाइलही हिसकावू नये. एखाद्या संध्याकाळी मूळ गाणं घरात पूर्ण लावावं. कुणी लिहिलं, कुणी गायलं ते मुलांनाच शोधायला सांगावं. आणि अब्बांचा मेसेज आला की सगळ्यांनी एकत्र बसून तो त्यांच्याच वेगाने ऐकावा.