रक्त खराब नव्हतं

गर्मी म्हटलं की आपण मान खाली घालतो. मी घालणार नाही. लाजेनं रोग बरा होत नाही.

1932 साल. अमेरिकेतलं अलाबामा. टस्कीगीच्या आसपासचे 399 काळे पुरुष, बहुतेक वाट्यानं जमीन कसणारे, गर्मीनं आजारलेले. सरकारी आरोग्यखात्याच्या डॉक्टरांनी त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही. म्हणाले, तुमचं रक्त खराब आहे. रक्त खराब! ही शिवी आपल्या ओळखीची आहे. वर फुकट जेवण, अॅस्पिरीन आणि मयताचा खर्च. कारण मेल्यावर प्रेत फाडून बघायचं होतं.

1943 मध्ये त्याच खात्याच्या डॉ. जॉन महोनींनी चार रोग्यांना पेनिसिलिन देऊन गर्मी बरी करून दाखवली. औषध सापडलं. पण या माणसांना ते मिळू दिलं नाही. 1972 ला वर्तमानपत्रातून बोंब उठली, तेव्हा हा खेळ थांबला. चाळीस वर्षं! पांढरा कोट घातलेला मनूच तो. त्याच 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी काळ्या पँथरांचं नाव उचललं.

म्हणून काहीजण म्हणतात, डॉक्टरी सगळी झूट. चूक, साफ चूक! गर्मीची पहिली जखम दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. भिंतीवर जाहिरात रंगवणारा गुप्तरोगवाला भोंदू ते श्रेय खिशात घालतो. रोग मात्र आत सरकतो. मेंदूपर्यंत, काळजापर्यंत, पोटातल्या पोरापर्यंत.

खरा पुरावा कसा असतो? 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. 249 माणसं. सगळ्यांना औषध मिळालं. काहींना बेंझाथिन पेनिसिलिनची 24 लाख युनिटची एकच मात्रा, काहींना दर आठवड्याला एक अशा तीन. सहा महिन्यांनी रक्त तपासलं. सुरुवातीच्या गर्मीला एक मात्रा तीनांपेक्षा कमी पडली नाही. रोग जुना असेल तर मात्र तीन घ्याव्या लागतात.

तेव्हा पुरावा फेकून देऊ नका. तो कुणाच्या देहावर, कुणाला विचारून गोळा केला, ते विचारा. बायकोवर आळ घेऊन घरात बसू नका. सरकारी दवाखान्यात जा, दोघांचंही रक्त तपासून घ्या. आणि कुणी म्हणालाच रक्त खराब आहे, तर त्याला रोगाचं नाव विचारा. रिपोर्ट मागा. तो कागद आपला आहे.